काढणीची तारीख

"तुमचं सिमकार्ड कोणत्या कंपनीचं आहे?"

एखाद्या अनोळखी मुलाशी मी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. दोन एप्रिल, बुधवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. जागा – रत्नागिरीजवळ, भाट्याच्या सुरुबनाशेजारची चहाची टपरी. तो जांभ्याच्या चिऱ्यावर बसला होता. एका हातात चहाचा पेला, मांडीवर वही आणि पायाशी पिवळ्या फितीचं भलंमोठं चाक. फितीचं टोक ओलं होतं.

त्याने मान वर केली. खाऱ्या वाऱ्याने कपाळावर आलेले केस बाजूला सारले आणि शांतपणे म्हणाला, "आधार नंबर पण सांगू का?"

"नको. सिमकार्ड पुरे."

"मग ओटीपी येईल, तोही सांगायचा असेल."

"मी चोर दिसते का?"

"नाही..." त्याने खरोखरच थोडा विचार केला. "पण ते कुठे तसे दिसतात?"

मला राग यायला हवा होता. पण त्या दिवशी सगळा राग आधीच एका यंत्रावर खर्च झाला होता.

"मी समोरच्या आंबा बागायतदार संघात काम करते," मी म्हटलं. "मनस्विनी जोगळेकर. आमची वेबसाइट माझ्या फोनवर जुनी दिसतेय. दुसऱ्या कंपनीच्या फोनवर कशी दिसते ते बघायचंय. तुम्हीच टाइप करा, मी फोनला हातसुद्धा लावत नाही."

मी एकेक अक्षर सांगितलं, त्याने एकेक अक्षर दाबलं. मग पडद्यावर आलेलं त्याने मोठ्याने वाचलं. "'यंदाचा हंगाम संपला आहे. पुढच्या वर्षी भेटू.'" फोनच्या वरून त्याने माझ्याकडे पाहिलं. "दोन एप्रिललाच संपला? मी तर आत्ता कुठे आलोय."

मला हसू आलं. ते मी मोठ्या कष्टाने गिळलं, कारण परिस्थिती हसण्यासारखी नव्हती.

परिस्थिती अशी होती. आमच्या संघात तीनशे बारा बागायतदार आहेत. दर वर्षी पुण्याच्या आंबा महोत्सवात कोणी ना कोणी पेटीवर बोट ठेवून विचारतं, "हा खरंच रत्नागिरीचा कशावरून?" माझ्या बाबांना हा प्रश्न विचारला गेला तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि त्यांच्या शेजारी उभी होते. कातळ फोडून, खड्ड्यात माती भरून आजोबांनी लावलेली झाडं, आणि बाबा नुसते म्हणाले, "रत्नागिरीचाच आहे हो." त्या 'हो'मधला त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्यांच्यापाशी पुरावा नव्हता.

पुरावा मी तयार केला. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी मुंबईला न जाता संघात आले ती याचसाठी. प्रत्येक पेटीवर एक लेबल. त्यातला चौकोन फोनने टिपला की आमच्या वेबसाइटवर त्याच पेटीचं पान उघडणार – बाग कोणाची, कुठल्या उतारावरची, आंबा कोणत्या तारखेला काढला. अख्खा हिवाळा मी त्यात घातला होता. रविवारी, सहा तारखेला, पुण्यात महोत्सव सुरू होणार होता. शनिवारी दुपारी बारा वाजता चारशे पेट्या घेऊन टेम्पो निघणार होता.

मागच्या वर्षीची वेबसाइट भाड्याच्या एका यंत्रावर होती, नवी वेबसाइट दुसऱ्या यंत्रावर. संघाचं नाव तेच, फक्त त्या नावाला कुठे पाठवायचं ती एक नोंद बदलायची होती. ही नोंदवही आमच्या ऑफिसातल्या एका यंत्रात असते. बुधवारी सकाळी अकराला मी ती बदलली. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर नवं पान झळकलं. संघाचे अध्यक्ष रावजीकाका, जे या सगळ्याला 'मनूचं खूळ' म्हणतात, त्यांनीसुद्धा चष्मा पुसून पाहिलं.

मग चार वाजता मी रस्त्यावर आले. ऑफिसचं वायफाय सुटलं आणि फोन म्हणाला, हंगाम संपला.

हे सगळं मी त्या मुलाला टपरीवर उभ्या उभ्या सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. तो ऐकत होता म्हणून असेल. ऐकताना त्याचा चहा निवला, ते मला दिसलं.

"म्हणजे आत वेगळं आणि बाहेर वेगळं," तो म्हणाला.

"हो. ऑफिसातले कॉम्प्युटर सरळ आमच्या नोंदवहीला विचारतात. बाहेरच्या जगाला ती वही दिसतच नाही. बाहेरचे लोक तिच्या दोन नकलांना विचारतात. एक मुंबईत आहे, एक चेन्नईत. मूळ वही बदलली की नकला आपोआप बदलायला हव्यात."

"आणि त्या बदलल्या नाहीत."

"वेळ लागतो. नकला सांभाळणाऱ्या कंपनीला मी फोन केला. ते म्हणाले, जगभर पसरायला अठ्ठेचाळीस तास लागतात."

त्याने फितीचं चाक उचललं. "मी सलिल. सावर्ड्याचा. भूजलाच्या प्रकल्पात आहे, जिल्ह्यातल्या एकशे ऐंशी विहिरींची पातळी मोजतो. लांज्याला खोली घेतलीय. उद्या लांज्यातल्या विहिरी, परवा सावर्ड्यातल्या. तिथून तुमची वेबसाइट बघून कळवू का?" मग जरा थांबून – "बाहेरचा माणूस लागतोय ना तुम्हाला?"

मी नंबर दिला. निव्वळ निरीक्षणासाठी. असं मी स्वतःला सांगितलं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटांनी पहिला निरोप आला. "लांजा. विहीर क्रमांक ९४. पाणी सात मीटर वीस. हंगाम संपलेला."

साडेअकराला दुसरा. "विहीर क्रमांक ९६. कासव आहे, फीत चावून बघतंय. हंगाम संपलेला."

दुपारी तिसरा. "हंगाम संपलेला. पण रस्त्याकडेच्या झाडावर आंबे आहेत. कोणीतरी खोटं बोलतंय."

तुळसामावशी पेट्यांत पेंढा भरत होती. ती गेली वीस वर्षं आमच्याकडे आंबा भरते आणि तिला सगळं दिसतं. "मनूताय," ती म्हणाली, "फोनमदी आंबा पिकलाय वाटतं. तोंड गोड दिसतंय."

"काम आहे, मावशी."

"व्हय, व्हय. कामच."

संध्याकाळी साडेपाचला तो टपरीवर होता. मी ऑफिस बंद करून निघाले आणि तो तिथे होता, एवढंच. मी कारण विचारलं नाही. समुद्रावरून वारा येत होता, सुरूची सुयांसारखी पानं बाकावर पडत होती, आणि तो ती एकेक करून उचलून वहीत ठेवत होता.

"एक शंका आहे," तो म्हणाला. "रागवू नका."

"शंका ऐकून ठरवीन."

"एखाद्या विहिरीत दोन दिवस पातळी तीच आली, तर दोन शक्यता असतात. पाणी खरंच हललेलं नाही, किंवा माझी फीत मध्येच कशाला तरी अडकलीय. तुमचं जे चाललंय ते हळू आहे की अडकलंय, हे तुम्हाला कशावरून कळतं?"

"अठ्ठेचाळीस तास लागतात असं सगळेच सांगतात."

"सगळे सांगतात, ते ठीक. तुम्ही मोजलंय का?"

हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या मुलीला विचारायचा. तोही एका विहिरीत डोकावणाऱ्याने. माझे कान तापले.

"अठ्ठावीस मार्चला मी पूर्वतयारी म्हणून एक बदल केला होता," मी जरा ताठ होऊन म्हटलं. "बाहेरच्या यंत्रांनी आमची नोंद किती वेळ लक्षात ठेवायची, ती मुदत एका दिवसावरून पाच मिनिटांवर आणली. तो बदल बाहेर व्यवस्थित गेला. लगेच."

तो पेल्यातला चहा गोल गोल फिरवत राहिला. मग अगदी हळू, जणू मला लागू नये म्हणून, म्हणाला, "ज्याची आठवण पाच मिनिटांची आहे, त्याला विसरायला अठ्ठेचाळीस तास कशाला?"

लाटांचा आवाज आला. दोन लाटांमध्ये बारा सेकंदं होती. मी मोजली, कारण त्याच्याकडे बघायचं नव्हतं.

त्याचं बरोबर होतं. अठ्ठेचाळीस तास हे उत्तर नव्हतंच, ती सबब होती. दुसऱ्याने दिली आणि मी घेतली. मी, जी प्रयोगशाळेत तिसरा दशांश चुकला तर वही परत लिहायची.

"तुम्ही रागावलात," तो म्हणाला.

"स्वतःवर."

"मग त्यातला अर्धा मला द्या. शंका माझी होती."

मी पर्स उचलली आणि चालायला लागले. दहा पावलांवर वळून पाहिलं. तो तिथेच होता, आणि त्यालाही मी वळून पाहीन हे माहीत असावं, कारण त्याने पेला वर करून दाखवला.

शुक्रवारी मी फाइलची प्रत्येक ओळ बोट ठेवून तपासली. नाव बरोबर. आकडे बरोबर. शेवटचं टिंबसुद्धा जागेवर. नकलांच्या कंपनीला पुन्हा फोन लावला. पलीकडची मुलगी सभ्यपणे म्हणाली, "मॅडम, तुमची सगळ्यात नवीन प्रतच आमच्याकडे आहे."

"नाही हो. जुनी आहे."

"सिस्टिम नवीन दाखवतेय, मॅडम."

मी फोन ठेवला. ही बया बघतसुद्धा नाही, असं मनात म्हटलं.

दुपारी रावजीकाका टेबलाशी येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा. "काय गो मनू, आतल्या आत आंबा पिकला नि बाहेर हिरवाच? पुण्याची माणसं काय आपल्या हापिसात येऊन बघणार आहेत?"

"काका, मी शोधतेय."

"शोध की. पण उद्या अकरापर्यंत नाही झालं तर लेबलं काढून टाकायची. पेटीला फोन लावला नि हंगाम संपला असं आलं, तर माणूस म्हणेल मागच्या वर्षीचा माल आहे. पुरावा नव्हता तेच बरं होतं." मग त्यांना माझा चेहरा दिसला असावा. जाता जाता थांबले. "तुझ्या बापाने पहिली पेटी स्वतःच्या हाताने भरलीन् हो. लेबल पण स्वतः लावलंन्. त्याला सांगशील ना तूच?"

बाबांना तूच सांग. दिवसभरात एवढं एकच वाक्य मला लागलं.

सावर्ड्याहून निरोप आले. सकाळी एक, दुपारी दोन. तीनही वेळा हंगाम संपलेला. तिसऱ्याखाली लिहिलं होतं, "जेवलात का?" मी उत्तर दिलं नाही. साडेपाचला तो टपरीवर होता. मी समोर बसले, चहा प्याले. निघताना तो फक्त म्हणाला, "उद्या पूर्णगडच्या विहिरी आहेत. सकाळी इथूनच जायचंय. येऊन जातो."

"कशाला?"

"अकरा वाजता बाहेरून बघायला कोणीतरी हवं."

शनिवारी सकाळी ऑफिसच्या अंगणात चारशे पेट्या रचलेल्या होत्या. पेंढ्याचा आणि कैरीतून नुकत्या पिवळ्या होणाऱ्या आंब्याचा वास सगळीकडे भरला होता. बाबा टेम्पोत पेट्या लावून घेत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. बघितलं तर मला रडू येईल हे त्यांना ठाऊक असतं. तुळसामावशी निळ्या खडूने प्रत्येक पेटीवर तारीख घालत होती, तिच्या नेहमीच्या वळणाने, ०४०४२०२५. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या पेटीवर काढणीची तारीख अशीच लिहितात. दिवस, महिना, साल. गिऱ्हाईक आधी दिवस बघतं.

"मनूताय," मावशी न बघता म्हणाली, "तो फीतवाला आला."

सलिल आला, गाडी लावली, आणि कोणी सांगायच्या आधी बाबांना पेटी उचलू लागला. हातातली वही त्याने जवळच्या पेटीवर ठेवली. वाऱ्याने पानं फडफडली, म्हणून मी त्यावर हात ठेवला.

साडेदहा वाजले होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून असेल, मी त्याची चेष्टा केली. "तारखा उलट्या का लिहिता हो? आधी साल, मग महिना, मग दिवस. कोण लिहितं असं?"

"उलट्या कुठे?" त्याने घाम पुसला. "एकशे ऐंशी विहिरी, वर्षातून तीनदा. कॉम्प्युटरला ती तारीख आहे हे कळत नाही, त्याला तो नुसता आकडा. साल आधी लिहिलं की नवी नोंद कायम मोठी. आपोआप क्रमाने लागतात. नाहीतर काय होतं—"

"थांबा," मी म्हटलं.

माझ्या एका हाताखाली त्याची वही होती, २०२५०४०४. दुसऱ्या हाताशी मावशीच्या खडूतली पेटी, ०४०४२०२५.

नोंदवहीला एक आवृत्ती क्रमांक असतो. दर बदलाला तो वाढवायचा. नकला बाकी काही वाचत नाहीत, फक्त हा क्रमांक बघतात. आपल्यापाशी आहे त्याहून मोठा असेल तर नवी प्रत घ्यायची. नसेल तर आपलीच नवीन. अठ्ठावीस मार्चला मी तिथे तारीख घातली होती. आंबेवाल्याची लेक, पेटीवर घालतात तशी घातली. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे सगळ्यात वाईट.

"अठ्ठावीस मार्च," मी मोठ्याने म्हटलं. "दोन, आठ, शून्य, तीन, दोन हजार पंचवीस. यंत्राला ती तारीख नाही. दोन कोटी ऐंशी लाख बत्तीस हजार पंचवीस. आणि दोन एप्रिल... पुढचं शून्य गळलं. वीस लाख बेचाळीस हजार पंचवीस."

सलिलच्या हातातली पेटी तशीच राहिली. "दोन एप्रिल लहान," तो म्हणाला.

"अठ्ठावीस मार्चहून दोन कोटी साठ लाखांनी लहान. ती मुलगी खरं सांगत होती. त्यांच्या मते सगळ्यात नवीन प्रत त्यांच्याचकडे आहे."

मी आत धावले. त्याची वही हातातच होती. तो मागोमाग दारापर्यंत आला. मी फाइल उघडली, नव्या क्रमांकावर बोट नेलं आणि थांबून कागद ओढला.

"आता काय?" दारातून तो म्हणाला. "अकराला दहा कमी आहेत."

"वजाबाकी. साल आधी घातलं की आकडा एकदम दोनशे कोटींवर जातो. फार मोठी उडी मारली तर यंत्राला ती मागे मारल्यासारखी वाटते. मर्यादा दोनशे चौदा कोटींची आहे. जुन्या क्रमांकावरून माझी उडी..." पेन्सिल मोडली, पण आकडा आला होता. "एकशे नव्याण्णव कोटी. बसते."

तो जसा माझ्याकडे बघत होता, तसं मला आजवर कोणी वजाबाकी करताना पाहिलेलं नाही.

मी लिहिलं, २०२५०४०५०१. साल, महिना, दिवस, आणि आजचा पहिला बदल. बटण दाबलं. घड्याळ बघितलं, दहा बावन्न.

"बाहेर जा," मी त्याला म्हटलं. "आमच्या वायफायपासून लांब. तिकडे, पुलाकडे."

तो गेला. मी अंगणात आले आणि रावजीकाकांसमोर उभी राहिले. "काका, कंपनीची चूक नव्हती. माझी होती. आवृत्तीच्या जागी मी पेटीसारखी तारीख घातली, आणि एप्रिल उजाडल्यावर आकडा लहान झाला. आता दुरुस्त केलंय. पाच मिनिटांत कळेल."

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा टेम्पोच्या फळीवर उभे होते, हातात पेटी क्रमांक एक. लांब पुलावर सलिलची आकृती दिसत होती, मान फोनमध्ये खाली. मी मनात मोजत होते. तीनशेपर्यंत मोजायचं होतं. दोनशे एकाहत्तरला त्याने दोन्ही हात वर केले.

मग तो पळत आला. दम लागलेला, केस डोळ्यांवर. फोन त्याने मला दिला नाही. सरळ बाबांपुढे धरला. "काका, हे लेबल टिपू का?" त्याने पेटी क्रमांक एकवरचा चौकोन टिपला आणि बाबांनी वाचलं, ओठ हलवत, शाळेतल्या मुलासारखं. "'बागायतदार – हरिहर जोगळेकर. पश्चिमेचा उतार, कातळातली जुनी बाग. काढणी, चार एप्रिल.'"

त्यांनी पेटी खाली ठेवली. उगाच पंचाने तिच्यावरची धूळ झटकली. धूळ नव्हती.

"केलीस तू, निस्तरलीस पण तूच," रावजीकाका म्हणाले. मग मोठ्याने, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं, "लेबलं राहू देत रे. आमच्या पोरीने केलंन् आहे ते." खूळ हा शब्द त्यांनी त्यानंतर वापरला नाही.

बारा वाजता टेम्पो निघाला, बाबा पुढच्या सीटवर. त्या गडबडीत सलिल पूर्णगडला गेला, आणि त्याची वही माझ्याच टेबलावर राहिली.

मी ती परत देण्यासाठी फक्त उचलली होती. पण तारखा इतक्या स्वच्छ, क्रमाने लावलेल्या होत्या की डोळा आपोआप खाली सरकत गेला. २०२५०४०२, भाट्ये, शेवटची विहीर, दुपारी साडेतीन. त्यापुढे आमच्या बाजूची एकही विहीर नव्हती. २०२५०४०३, लांजा, सहा विहिरी, शेवटची सव्वाचारला. २०२५०४०४, सावर्डे, पाच विहिरी, शेवटची दुपारी पावणेतीनला. खोली लांज्याला. सावर्ड्याहून लांज्याला महामार्गाने सरळ जाता येतं. हातखंब्याच्या फाट्यावर भाट्याकडे वळायचं काहीच कारण नाही.

मी दोनदा तपासलं. नोंदीत चूक नव्हती.

तीन वाजता स्कूटी काढली. पावस गावापर्यंत रस्ता बागांतून जातो, दगडी गडग्यांच्या सावलीसावलीने. पुढे एकदम समुद्र दिसतो आणि वारा अंगावर येतो. पूर्णगडला किल्ल्याखाली, माडांच्या आगरात, एका विहिरीच्या काठावर तो ओणवा होता. डाव्या बाहीची घडी कोपरापर्यंत, आणि तळहातापासून कोपरापर्यंत निळ्या पेनाने आकडेच आकडे.

"वही," मी म्हटलं.

तो दचकला. "मला वाटलं, पुण्याला गेली टेम्पोतून."

"मी वाचली."

"...सगळी?"

"तुमची पद्धत चांगली आहे. वाचायला सोपं गेलं. भाट्यातलं तुमचं काम बुधवारी साडेतीनला संपलंय. गुरुवारी, शुक्रवारी साडेपाचला तुम्ही टपरीवर काय करत होतात?"

त्याने फितीकडे पाहिलं, माडांकडे पाहिलं. "तिथला चहा बरा असतो."

"लांज्यात चहा मिळत नाही?"

"मिळतो." तो कानापर्यंत लाल झाला होता. "पण हातखंबा आला की गाडी वळते."

"गाडीत बिघाड आहे?"

"गाडीत नाही," तो म्हणाला.

फोन वाजला. बाबांचा निरोप. टेम्पो वाटेत साखरप्याला चहासाठी थांबला होता. तिथल्या हॉटेलवाल्याने सहज म्हणून एका पेटीचं लेबल टिपलं होतं, आणि त्याच्या फोनचा फोटो बाबांनी पाठवला होता. खाली एकच ओळ: "मनू, माझं नाव साखरप्यात दिसतंय गो."

मी फोन सलिलला दाखवला. त्याने ती ओळ वाचली, परत वाचली, आणि असा हसला की जणू बाग त्याच्याच आजोबांनी लावली होती. तेवढ्याने माझं ठरलं.

"मला एक सांगायचंय," मी म्हटलं. "नीट, चूक न करता सांगायचंय, म्हणून मध्ये बोलू नका. माझ्या आत बुधवारीच बदल झालाय. चार वाजून दहा... साधारण चौदा मिनिटांनी. बाहेर कळवायचं राहिलं होतं. ते आता कळवतेय."

त्याची फितीच्या चाकावरची पकड सुटली. फीत सर्रर्र करत खाली गेली आणि खोल कुठेतरी पाणी वाजलं. आम्ही दोघंही वाकलो. खाली हिरव्या पाण्यात आमची दोन डोकी हलत होती, अगदी जवळजवळ.

"किती आहे पातळी?" मी विचारलं.

"वाचली नाही," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा." पण त्याची नजर फितीवर नव्हतीच. "मनस्विनी, मला वाटलं होतं, माझा निरोप तुझ्यापर्यंत पोचतच नाहीये."

"पोचत होता. रोज तीनदा."

वारा आला, माडांच्या झावळ्या एकमेकींवर घासल्या. त्याने फीत हळूहळू ओढून घेतली, या वेळी नीट वाचली, आणि माझ्या हातातून वही घेऊन कोरं पान उघडलं. पेन टेकवून थांबला. डोळ्यांत तीच टपरीवरची चेष्टा.

"तारीख कशी घालू? तुमच्या पेटीसारखी?"

"साल आधी लिही," मी म्हटलं. "पुढे पुष्कळ तारखा यायच्या आहेत. क्रमाने लागायला हव्यात."